वळकटी: कसारा ते कल्याण, पाच दिवस, चार रात्री

सायकलवरून या फेरीला निघण्याच्या आदल्या रविवारी स्वयंपाकघरातला वजनकाटा हॉलमध्ये आणला आणि सगळं अंथरूण-पांघरूण त्यावर ठेवून पाहिलं. आईच्या हातची गोधडी २ किलो ३०० ग्रॅम. ट्रेकला वीस वर्षं नेलेली स्लीपिंग बॅग १ किलो ८००. जुना तंबू खुंट्यांसकट ३ किलो २००. पाठीवरच्या सॅकमध्ये हे वजन मी कधी मोजलं नव्हतं. सायकलवर मात्र ते लपत नाही. मागच्या वर्षी हँडलला जुनी बॅग बांधून टिटवाळ्यापर्यंत गेले होते, तेव्हा खड्डा चुकवायला हँडल वळवलं की पुढचं चाक अर्धा क्षण उशिरा वळायचं. उतारावर त्या अर्ध्या क्षणाची भीती वाटते.

म्हणून वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला टाकून एकेक वस्तू बदलली. पिसांची रजई ६४० ग्रॅम, हवा भरायची मॅट ४७० ग्रॅम, फुगवायची उशी ८० ग्रॅम. रजईच्या आत अस्तर हवं होतं, ते विकत घेतलं नाही. जरीकाठ फाटलेली एक रेशमी साडी होती, तिचा अर्धा भाग पिशवीसारखा शिवला. त्याचं वजन २१० ग्रॅम भरलं. रजईला अंगाचा घाम आणि धूळ लागत नाही, आणि उकडलं तर नुसत्या अस्तरात झोपता येतं. दोघांत मिळून एक तंबू घेतला, १ किलो ७०० ग्रॅमचा. त्याचा निम्मा वाटा धरून माझी सगळी झोप सव्वादोन किलोंत बसली.

सोबत भाचा होता. तो बावीस वर्षांचा, कॉलेजात. त्याच्याकडे कृत्रिम धाग्यांची ११५० ग्रॅमची स्लीपिंग बॅग आणि घडीची फोमची मॅट, ४०० ग्रॅमची. "मावशी, माझी मॅट तुझ्यापेक्षा हलकी आणि किंमत पाव," तो म्हणाला. मी म्हटलं, तुझी दोन सेंटिमीटर जाड, माझी सात. शिवाय माझीची आर-व्हॅल्यू ३ च्या वर आणि तुझीची २. आर-व्हॅल्यू म्हणजे जमिनीकडे जाणारी ऊब मॅट किती अडवते त्याचा आकडा. जितका मोठा, तितकं बरं. हे मी त्याला मोठ्या खात्रीने सांगितलं होतं, ते पहिल्याच रात्री आठवलं.

सामान बांधताना आणखी एक गोष्ट कळली. माझ्या सायकलचं हँडल सरळ आणि रुंद, त्यामुळे रजई आणि तंबूचं कापड एका लांब वळकटीत मावलं. (आजोबांच्या वेळी रेल्वेने प्रवासाला निघालेल्या माणसाच्या काखोटीला जी असायची ती वळकटी. त्याला याहून चांगला शब्द मला सापडलेला नाही.) भाच्याचं हँडल वळलेल्या शिंगांचं, मधली जागा जेमतेम ४० सेंटिमीटर. त्याची वळकटी आखूड आणि जाड करावी लागली, नाहीतर ब्रेक दाबताना बोटं अडकत. तंबूच्या काठ्या घडी करूनही ४४ सेंटिमीटर, त्या त्याच्या फ्रेमच्या आडव्या नळीखाली पट्ट्यांनी बांधल्या. तंबू घेताना कापडाचं वजन सगळे विचारतात. काठ्यांची लांबी विचारायला हवी.

पहिला दिवस: कसारा ते भंडारदरा

मालडब्याचं तिकीट काढून पहाटेच्या कसारा लोकलने निघालो. कसाऱ्याला उतरलो तेव्हा उजाडत होतं. घाट चढून इगतपुरी, मग घोटी आणि तिथून उजवीकडे भंडारदऱ्याचा रस्ता. जेमतेम साठ किलोमीटर, पण चढाचे. घाटात ट्रक शेजारून जाताना हँडल हलकं असल्याचं समाधान प्रत्येक वळणावर वाटलं. बारी गावाशी चहाला थांबलो. डोक्यावर कळसूबाई, १६४६ मीटर, शिखरावरचं देऊळ खालून नखाएवढं दिसत होतं.

शेंडीला बाजार केला आणि जलाशयाच्या उत्तरेच्या अंगाने मुरशेतच्या दिशेला निघालो. प्रवरा नदीवरचं हे धरण १९१० साली बांधायला घेतलं आणि १९२६ साली पुरं झालं. पाणी इतकं जुनं आहे की ते तलावच वाटतं. काठाने पर्यटकांसाठी तंबूंच्या रांगा लागतात. आम्हाला गाणी आणि दिवे नको होते, म्हणून पुढे एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या रिकाम्या भातखाचरात, पाण्यापासून वीसेक पावलांवर तंबू लावला. जागा सुंदर होती. समोर रतनगड किल्ला, पाण्यात त्याची सावली. सुंदर आहे म्हणूनच ती निवडली आणि तिथेच चुकले.

थंड हवा जड असते. रात्री ती उतारावरून घरंगळत खाली येते आणि खोलगट जागी साचते. आमचं खाचर काठावरचं सगळ्यात खालचं होतं. त्यात आभाळ निरभ्र. रात्री नऊलाच सायकलच्या सीटवर बोट फिरवलं तर ओलं झालं.

दोनच्या सुमाराला जाग आली ती डाव्या खुब्याला थंडी लागून. आधी वाटलं रजई सरकली असेल. चाचपडून पाहिली, जागेवर होती, छातीवर छान फुगलेली, आतून उबदार. पण खालचा खुबा आणि खांदा बर्फाला टेकल्यासारखे. मॅट दाबून पाहिली तर तिच्यात हवाच नव्हती. टॉर्च लावून पाहिलं, तंबूच्या तळाला मिरीच्या दाण्याएवढं छिद्र आणि त्यातून वर आलेलं करवंदीच्या काट्याचं टोक. झोपायची जागा हाताने झाडून घेतली होती, पण अंधार पडत असताना.

पुन्हा फुगवली. अर्ध्या तासात पुन्हा जमिनीला टेकले. मग जे हाताला लागलं ते खाली घातलं: रेनकोट, सामानाच्या रिकाम्या पिशव्या, फ्रेमची बॅग. रजईला तळ नसतो, ती फक्त वरून असते. त्यामागचं कारण बरोबरच आहे. पिसं ऊब देतात ती आपल्यात धरलेल्या हवेमुळे. अंगाखाली दबली की हवा जाते आणि ती नुसतं कापड उरतात. स्लीपिंग बॅगेचीही पाठीकडची बाजू तशीच दबून वाया जाते, म्हणून रजईवाले ती कापूनच टाकतात आणि वजन वाचवतात. पण त्याचा अर्थ असा की खालची सगळी जबाबदारी मॅटवर येते. मॅट गेली की ६४० ग्रॅमची महागडी रजई एकाच बाजूने काम करते.

शेजारी भाचा त्याच्या पातळ फोमवर शांत झोपला होता. फोमला काटा लागला तरी काही होत नाही.

दुसरा दिवस: घाटघर, साम्रद, रतनवाडी

सकाळी सहाला थर्मामीटर ७ अंशांवर. तंबूच्या बाहेरच्या कापडावर आतून पाण्याचे थेंब, बाहेरून दहिवर. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, ती वाफ थंड कापडावर जाऊन बसते. आम्ही थंडीच्या भीतीने वाऱ्याची झडप बंद ठेवली होती. माझ्या रजईचा पायाकडचा भाग कापडाला टेकून ओला झाला होता आणि तिथली पिसं गोळा होऊन बसली होती, दोन बोटांत धरली तर मधलं कापड नुसतंच लागत होतं. पिसांचं हे मोठं दुखणं. भाच्याच्या बॅगेचाही कोपरा ओला होता, पण कृत्रिम धागा ओला झाला तरी बराचसा फुगलेला राहतो.

छिद्र शोधायला मॅट तलावात बुडवली, सायकलवाला घमेल्यात ट्यूब बुडवतो तशी. जागा लगेच सापडली, बारीक बुडबुड्यांची एक सरळ दोरी वर येत होती. पंक्चरच्या डबीतलं सोल्युशन लावायचं ठिगळ आधी लावून पाहिलं, ते धरलं नाही. ते रबरी ट्यूबसाठी असतं, या गुळगुळीत कापडासाठी नव्हे. मग जागा पुसून, उन्हात पूर्ण कोरडी करून, बिनसोल्युशनचं चिकट ठिगळ लावलं आणि वर सपाट दगड ठेवून पाच मिनिटं थांबलो. ते परतीपर्यंत टिकलं. रजई सायकलच्या हँडलवर आणि सीटवर पसरून दहा वाजेपर्यंत उन्हात ठेवली. दर दहा मिनिटांनी ओल्या भागातल्या गुठळ्या बोटांनी सोडवत होते. निघायला उशीर झाला तरी चालेल, पण पिसं ओली गुंडाळायची नाहीत हे ठरवलं.

पांजरे, उडदावणे, घाटघर. अलंग, मदन, कुलंग हे किल्ले डोळ्यांसमोर येतात तो रस्त्याचा तुकडा मी तीनदा थांबून पाहिला. घाटघरच्या कड्यावरून कोकण खाली निळं-राखाडी दिसत होतं. साम्रदला सांदण दरीकडे निघालेल्या मुलांची गर्दी होती, तिथे न थांबता रतनवाडीला आलो. अमृतेश्वराचं देऊळ, शेजारची पुष्करणी, मागे रतनगड. नद्यांच्या उगमाशी झंज राजाने बारा शिवालयं बांधली असं या भागात सांगतात, त्यातलं हे प्रवरेचं. कोरीव खांबांजवळ संध्याकाळपर्यंत बसलो.

जेवायला ज्या घरी सांगितलं होतं, तिथल्या आजींनी आमची वळकटी पाहिली. "थंडीत बाहेर कुठं निजता? पडवी आहे की." आम्ही पडवीत सामान मांडू लागलो. भाच्याने फोमची घडी उलगडली तशा आजी हसल्या आणि मागच्या गंजीतून भाताच्या पेंढ्याचा भारा काढून घेऊन आल्या. तो पडवीच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर टाकला, पायाने पसरला, आणखी एक भारा आणला. तळवा दाबून पाहिला. वीतभर उंचीचा थर दाबल्यावर चार बोटं राहिला, तेव्हा त्यांचं समाधान झालं. वर एक जुनी वाकळ टाकली.

"खालून ऊब पाह्यजे बाई," त्या म्हणाल्या. "वरून किती बी घ्या, भुई ओढून घेती."

वर्षभर मी मॅटच्या जाडीचे, वजनाचे आणि आर-व्हॅल्यूचे आकडे वाचत होते. त्या सगळ्या आकड्यांच्या मुळाशी जे आहे ते एका वाक्यात हे. भाताची काडी आतून पोकळ असते. शेकडो काड्या एकमेकींवर पडल्या की त्यांच्यात आणि त्यांच्या मधे हवा अडकते, आणि ती अंगाच्या वजनाने पूर्ण दबत नाही. फोम तेच करतो, माझी मॅट तेच करते. पेंढ्याचं वजन सायकलवर न्यावं लागत नाही एवढाच फरक, कारण तो जिथे लागतो तिथेच असतो.

बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा खाऊन झोपलो. थर्मामीटर पहाटे ९ अंश दाखवत होता. मी मॅट फुगवलीच नाही. साडीच्या अस्तरात, वर रजई, खाली पेंढा. रात्रभर कूसही बदलली नसेन. डोक्यावर कौलं असल्यामुळे दहिवराचा थेंब नाही. उठल्यावर केसांत पेंढ्याचा वास होता, तो मला दिवसभर आवडला.

तिसरा दिवस: राजूर, कोतूळ

मुतखेलवरून शेंडी, रंधा धबधब्याशी पाणी प्यायला थांबलो, मग राजूर. तिथून कोतूळचा रस्ता चढउतारांचा आणि दुपारी तापणारा. सकाळी हातमोजे, दुपारी अंगात नुसता सुती शर्ट. एकाच दिवसात वीस अंशांचा फरक पडणाऱ्या मुलखात कुठलं पांघरूण घ्यावं हा प्रश्न इथे खरा वाटतो.

त्यावर चढावर बरंच बोललो. स्लीपिंग बॅगेवर दोन आकडे छापलेले असतात, कम्फर्ट आणि लिमिट. आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे चाचणी केली असेल तर कम्फर्ट म्हणजे साधारण बाईला सैल पडून निवांत झोप लागेल ते तापमान, आणि लिमिट म्हणजे साधारण पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढेल ते. दुकानात मोठ्या अक्षरात बहुतेक वेळा लिमिटच लिहिलेलं असतं. माझ्या पहिल्या बॅगेवर ५ अंश लिहिलं होतं आणि मी ९ अंशांत कुडकुडले होते. कित्येक वर्षं मला वाटायचं की मलाच थंडी जास्त वाजते. बायकांनी बॅग घेताना कम्फर्टचा आकडा विचारून घ्यावा, तो सांगता येत नसेल तर दुसरं दुकान पाहावं. आणि हे सगळे आकडे खाली चांगली मॅट आहे असं धरूनच काढलेले असतात.

रजई या हवेत मला जास्त सोयीची वाटली. संध्याकाळी ती नुसती पायांवर, मध्यरात्री गळ्यापर्यंत, पहाटे कडा अंगाखाली दाबून. चेन नाही, घुसमट नाही. भाचा झोपेत फार हलतो, त्याला वाऱ्याच्या फटी पडल्या असत्या, त्याच्यासाठी बॅगच बरी.

कोतूळला मुळा नदीच्या पात्रावर दिवे लागायच्या वेळी पोचलो. गावातल्या मंडळींना विचारून देवळाच्या मंडपात पथारी टाकली. फरशी गार होती, पण ठिगळ लावलेल्या मॅटने रात्र काढली. डास होते, तंबूचा आतला जाळीचा भाग तेवढा उभा केला.

चौथा दिवस: ब्राह्मणवाडा, ओतूर, खिरेश्वर

ब्राह्मणवाड्यापुढचा चढ लांबला. ओतूरला मिसळ खाऊन कल्याणच्या महामार्गाला लागलो, पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी दिसू लागलं, आणि खुबी फाट्यावरून आत खिरेश्वरला. इथलं नागेश्वराचं देऊळ झंज राजाच्या त्याच बारा शिवालयांपैकी एक मानतात. छतावरचं कोरीव काम मान मोडेपर्यंत पाहावं असं आहे.

पुन्हा पाण्याचा काठ, पुन्हा निरभ्र आभाळ. या वेळी जागा शोधायला अर्धा तास घेतला. पाण्यापासून उतारावर बरंच वर, खोलगट नसलेली, आणि आंब्याच्या दाट झाडाखाली. दहिवर उघड्या आभाळाखालच्या वस्तूंवर पडतं. रात्री प्रत्येक वस्तू आपली ऊब आभाळाकडे फेकत असते आणि हवेपेक्षा थंड होते. वर झाड किंवा छप्पर असलं की ती ऊब अडते. भाच्याला हे करून पाहायचं होतं. त्याने स्वतःची सायकल वीस पावलांवर उघड्यावर ठेवली आणि माझी झाडाखाली. वाळकी फांदी डोक्यावर नाही ना, ते मात्र आधी पाहून घेतलं.

शेजारच्या शेताच्या मालकांना दोन भारे पेंढा मागितला. "परत गंजीवर टाका म्हणजे झालं," ते म्हणाले, पैसे घेतले नाहीत. तंबू लावायच्या आधी जागेवर हात फिरवला, उजेड असताना, बसून, एकेक खडा आणि काटा वेचून. मग पेंढा, त्यावर तंबू, आत मॅट. तंबूच्या दोन्ही बाजूंच्या झडपा उघड्या ठेवल्या. झोपण्यापुरते राखलेले कोरडे मोजे घातले, गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पायाशी घेतली, आणि भुकेल्या पोटी झोपायचं नाही म्हणून गूळ-शेंगदाणे खाल्ले. पोटात काही असलं की अंग रात्रभर तापतं राहतं.

सकाळी ८ अंश. माझ्या सायकलची सीट कोरडी. त्याच्या सीटवरून पाणी निथळत होतं, चेनवर थेंब माळेसारखे लटकले होते. तंबू आतून कोरडा होता, रजई पायापर्यंत फुगलेली. भाचा त्याची सीट पुसत म्हणाला, "मावशी, तंबू घेताना आपण तीन महिने घातले, जागा शोधायला पहिल्या दिवशी तीन मिनिटं." मला त्यावर काही बोलता आलं नाही.

पेंढा गंजीवर नेऊन टाकला.

पाचवा दिवस: माळशेज ते घर

माळशेजचा घाट उतरताना धुकं होतं, हात गोठले. टोकावड्याला उतरेस्तोवर ते गेलं आणि मुरबाडला घाम निथळू लागला. कल्याण, तिथून डोंबिवली. चारला दारात.

आंघोळीआधी रजई आणि भाच्याची बॅग बाल्कनीत दोरीवर टाकली. ही पांघरुणं सायकलवर दाबून बांधतो तशी घरी ठेवायची नाहीत. महिनोन्महिने दबून राहिली की पिसांची उभारी जाते. माझी एका मोठ्या सुती पिशवीत, सैल, कपाटाच्या वरच्या कप्प्यात असते. साडीचं अस्तर झटकलं तर शिवणीतून पेंढ्याचे तुकडे आणि भाताची एक रिकामी लोंबी पडली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाऊन फोमची घडीची मॅट आणली. खांद्यापासून खुब्याच्या खालीपर्यंत माप घेऊन कात्रीने कापली. पायाखाली कपड्यांची पिशवी चालते, फोमची गरज खुब्याला आणि खांद्याला. कापलेला तुकडा वजनकाट्यावर ठेवला, २४० ग्रॅम. हवेची मॅट त्यावर टाकली की दोन्हींच्या आर-व्हॅल्यूंची बेरीज होते, आणि काटा आला तरी आधी त्याला फोममधून यावं लागेल. उरलेला तुकडा भाच्याने चहाच्या थांब्यावर बसायला नेला.